गाव कुणाचं हे विचारण्याआधी यादी उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातलं तालुक्याचं पण लहानसं गाव, नगरपंचायत, सतरा प्रभाग. लोकसभेला गावात साठ टक्क्यांच्या आत मतदान झालं, नगरपंचायतीला तेच ऐंशीच्या जवळ गेलं. लोकसभेला एका आघाडीला लीड, सहा महिन्यांनी विधानसभेला दुसरीला, आणि नगरपंचायतीत तिसऱ्याच गटाचे नगरसेवक जास्त. मग गावाचा कल नेमका कुठला? लोकांना मोठ्या निवडणुकीचं काही पडलेलं नाही का? आणि आम्ही पोरांनी मिळून टक्का वाढवला तर फायदा कुणाचा?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. बरीच वर्षं बीएलओ होतो, म्हणजे यादी घेऊन दारोदार फिरणारा. मतदान अधिकारी आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून किती निवडणुका केल्या याची मोजदाद सोडून दिली आहे. निवृत्तीनंतर ओळखीतले लोक यादी आणि बूथचे आकडे घेऊन येतात, मी ते वाचून देतो. सगळ्या पक्षांचे येतात, चहा सगळ्यांचाच घेतो.

तुमचे तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि गुंता टक्क्याच्या आकड्यापाशी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. टक्का म्हणजे भागाकार. वर झालेलं मतदान, खाली यादीतली नावं. सगळ्यांची नजर वरच्या आकड्यावर असते. लहान गावात खरी गोम खालच्या आकड्यात असते.

मतदान केंद्रात पहिल्या टेबलावरचा मतदान अधिकारी काय करतो ते कधी पाहिलंत का? तो अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या एजंटांना ऐकू जावं. मग यादीतल्या त्या चौकटीवर तिरपी रेघ मारतो. बाई असेल तर रेघ मारतो आणि अनुक्रमांकाला गोलही करतो. संध्याकाळी मशीन बंद झालं की मी ती यादी एकदा सावकाश चाळायचो. काही पानं रेघांनी भरलेली, आणि मध्येच एखादं पान जवळजवळ कोरं. कोऱ्या पानावर बहुतेक वेळा एकच आडनाव असायचं. चार भाऊ, त्यांच्या बायका, दोन पुतणे. घराला कुलूप. सगळे चाकणला नाहीतर भोसरीला. म्हातारी तेवढी इथे, तिच्या एकटीच्या नावावर रेघ आणि गोल. हे बघितल्यावर ‘आमच्या गावातले लोक आळशी’ असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. एका यादी भागात, म्हणजे एका मतदान केंद्राच्या यादीत, १००० नावं आहेत. त्यातली ७० मयत, दुबार, किंवा लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची. १५० माणसं पुण्या-मुंबईत, संभाजीनगरात, कुठे कुठे. म्हणजे गावात राहणारे ७८०. लोकसभेला त्यातल्या ६०० जणांनी मत दिलं. कागदावर टक्का ६०. पण गावात असलेल्यांपैकी मतदान ७७ टक्के. नगरपंचायतीला गावातले ६८० बाहेर पडले आणि बाहेरगावचे १०० जण आले. झाले ७८ टक्के. तुम्हाला दिसते ती १८ टक्क्यांची उडी. त्यातली दहा बाहेरगावाहून आलेल्यांची. गावात राहणाऱ्यांचा उत्साह वाढला तो आठ टक्क्यांपुरता.

हे बाहेरगावचे कसे येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. प्रभाग लहान, दोनशे-तीनशे मतांत माणूस निवडून येतो, पाच-दहा मतांनी पडतो. समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो, लहान पोराला बोलावून ती उचलायला लावतात. एवढ्या लहान फरकाच्या लढतीत भोसरीतल्या चार भावांची आठ मतं म्हणजे सोनं. उमेदवार स्वतः फोन करतो, चुलत्याकडून करवतो, आदल्या रात्री गाडी निघते. लोकसभेला असा फोन कोण करणार? तिथे लाखांत हिशेब, भोसरीतल्या आठ मतांसाठी कुणाचं अडत नाही. शिवाय त्यातल्या कित्येकांची नावं तिकडेही असतात. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी असणं कायद्याला मान्य नाही, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. पण गावातलं नाव कमी करायला कुणी अर्ज भरत नाही. घर, शेत, सातबारा इथे आहे, मग यादीतलं नाव कशाला काढायचं, ही भावना. बीएलओ म्हणून सांगतो, मयताचं नाव कमी करायलासुद्धा घरचे टाळाटाळ करतात. एका आजींनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. ‘यादीत तरी राहू दे की त्यांना,’ म्हणाल्या. मी सही न घेता निघालो. ते चूकच होतं, पण निघालो.

स्थलांतराची दुसरी तऱ्हा ऊसतोडीची. तुमच्या तालुक्यात वाड्या-तांडे किती आहेत यावर हे अवलंबून आहे, पण बीड, जालना, धाराशिवच्या पट्ट्यात हे विसरून टक्का वाचताच येत नाही. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी, म्हणजे आपल्याकडे ज्याला कोयता म्हणतात, दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर निघतात आणि उन्हाळ्यात परततात. २०२४ ची लोकसभा आपल्याकडे २६ एप्रिल, ७ मे आणि १३ मे अशा तीन तारखांना झाली. तोवर टोळ्या गावात आल्या होत्या. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आणि गाळप हंगामाची तारीख १५ नोव्हेंबर. म्हणजे ट्रॅक्टर दारात उभा, मुकादम घाई करतोय, आणि मतदान पाच दिवसांवर. कुठल्या तांड्यावर लोक थांबले, कुठल्या तांड्यावरचे गेले, यात तिथल्या बूथचा टक्का खालीवर होतो. त्याचा राजकीय अर्थ काढत बसलात तर फसाल. आणि एक लक्षात ठेवा, ही माणसं ‘स्थलांतरित’ म्हणून यादीतून काढायची नसतात. काही महिन्यांसाठी कामाला गेलेला माणूस त्या गावचा रहिवासीच राहतो. एखादा अतिउत्साही कार्यकर्ता नावं कमी करायचे सात नंबरचे फॉर्म गठ्ठ्याने भरून द्यायला निघाला तर त्याला आधी हे सांगा.

इथवरचं एका वाक्यात: तुमच्या गावचा लोकसभेचा टक्का दिसतो तितका वाईट नाही, नगरपंचायतीचा दिसतो तितका चांगला नाही.

आता कलाचं. लोकसभेला एक, विधानसभेला दुसरा, गावात तिसरा, ही तुमची तक्रार ‘लोकांना धरबंध नाही’ अशा सुरात आहे. मला त्यात विसंगती दिसत नाही. नांदेडचं उदाहरण घ्या. २० नोव्हेंबर २०२४ ला तिथे विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही होती. खासदार वसंतराव चव्हाण वारले म्हणून. म्हणजे एकाच केंद्रात, एकाच दिवशी, त्याच मतदाराने दोन मशीनची बटणं दाबली. त्या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीने जिंकल्या. आणि लोकसभा काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांनी १४५७ मतांनी जिंकली. दोन मशीनमध्ये अंतर दोन पावलांचं. तेवढ्यात हजारो लोकांनी आपलं मत बदललं. त्यांना धरबंध नाही म्हणायचं का? त्यांच्या मनात दोन वेगळे प्रश्न होते, त्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

लहान गावात असे तीन प्रश्न असतात. नगरपंचायतीला प्रश्न असतो, नळाला पाणी चार दिवसांआड येतं ते दोन दिवसांआड कोण आणेल, घरकुलाच्या यादीत नाव कोण लावेल, रात्री बारा वाजता पोराला दवाखान्यात न्यायचं तर कुणाच्या दारात जायचं. चिन्ह काहीही असो, मत माणसाला आणि भावकीला. ग्रामपंचायतीत तर पक्षचिन्हच नसतं. ग्रामदैवताच्या नावाची पॅनेलं असतात आणि एकाच पॅनेलमध्ये तीन पक्षांची माणसं असतात. तालुक्याच्या ठिकाणच्या बऱ्याच ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, चिन्हं आली, पण सवय पॅनेलचीच राहिली. विधानसभेला प्रश्न असतो गटाचा. आमदार, माजी आमदार, त्यांचा कारखाना, संस्था, सोसायटी, त्यात आपला पोरगा लागलाय का, आपला ऊस वेळेवर जातो का. लोकसभेला या दोन्ही गोष्टी सैल पडतात आणि हवा चालते. २०२४ ला आपल्याकडची हवा आठवा. मराठा आरक्षणाचं आंदोलन, सोयाबीनचा पडलेला भाव, दोन पक्षांची झालेली शकलं. मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला बहुतेक जागा महायुतीकडे गेल्या. राज्यभरातही तेच, लोकसभेला ४८ पैकी ३० आघाडीकडे, विधानसभेला २८८ पैकी २३० महायुतीकडे. गंमत म्हणजे सोयाबीन तेव्हाही हमीभावाखालीच होतं. ४८९२ रुपये जाहीर, आणि मोंढ्यात आडत्यासमोर मिळत होते त्यापेक्षा बरेच कमी. नुसत्या भावाने मत ठरत असतं तर दोन्ही निकाल सारखे लागले असते.

म्हणून ‘गाव कुणाचं’ हा प्रश्न मी बाजूला ठेवतो आणि ‘कुठला बूथ किती हलतो’ हा घेतो. त्याची पद्धत सांगतो, ती तुम्हाला घरी बसून करता येईल.

प्रत्येक निवडणुकीनंतर बूथनिहाय निकालाचा तक्ता निघतो, नमुना २०. कुठल्या केंद्रावर कोणाला किती मतं, सगळं त्यात असतं. मागच्या दोन लोकसभा आणि दोन विधानसभांचे तक्ते मिळवा. तुमच्या गावाचे दहा-बारा बूथ असतील, ते एका कागदावर उभे मांडा. आता प्रत्येक बूथवर एका बाजूला किती टक्के मतं पडली ते लिहा आणि शेजारी त्याच बाजूला अख्ख्या विधानसभा मतदारसंघात किती टक्के पडली तेही लिहा. बघायचं ते या दोहोंतलं अंतर. समजा एका बूथवर एका बाजूला मतदारसंघापेक्षा दहा टक्के जास्त पडतात आणि चारही निवडणुकांत हे अंतर आठ ते बाराच्या मध्येच राहतं. त्या बाजूला मतदारसंघात ३० टक्के असोत की ५०, हा बूथ दहाने वरच. तो त्या बाजूचा खरा कल. दुसरा एखादा बूथ एकदा दहाने वर, एकदा पाचने खाली. त्याला कल नाही, तो हवेबरोबर किंवा माणसाबरोबर जातो. माझा अनुभव असा की लहान गावात पक्के बूथ दोन्ही बाजूंना मिळून थोडेच निघतात. ते बहुधा एकाच समाजाची दाट वस्ती असलेले असतात, किंवा एखाद्या जुन्या पुढाऱ्याच्या वाड्याभोवतीचे. बाकीचे सगळे हलणारे.

यात दोन खाचखळगे आहेत. एक तर २०१९ आणि २०२४ ची तुलना पक्षाच्या नावाने करता येत नाही. शिवसेना २०२२ ला फुटली, राष्ट्रवादी २०२३ ला. तेव्हाचा पक्षाचा मतदार आता कुठे गेला हे चिन्हावरून कळत नाही, तुमच्या तालुक्यातला गटाचा नेता कुठे गेला ते पाहावं लागतं. म्हणून मी कागदावर पक्ष लिहीत नाही, त्या त्या नेत्याचं नाव लिहितो. अपक्षाने हजारोंनी मतं खाल्ली असतील तर तेही तसंच मांडतो.

दुसरा खळगा मी स्वतः पडून पाहिला आहे. एकदा एका उमेदवाराला मी छातीठोकपणे सांगितलं, मोंढ्याचा बूथ तुमचा, तिकडे वेळ घालवू नका. निकालात तोच बूथ गेला. त्यांनी मला काही म्हटलं नाही, नुसता तक्ता पुढे सरकवला. मी घरी येऊन जुन्या आणि नव्या याद्या शेजारी ठेवून बसलो तेव्हा उलगडा झाला. मधल्या काळात केंद्रांची फेररचना झाली होती. केंद्राचा क्रमांक तोच, शाळेची खोली तीच, पण वेशीबाहेरची एक अख्खी वस्ती त्या यादी भागात येऊन बसली होती आणि मोंढ्यामागच्या दोन गल्ल्या शेजारच्या केंद्राला गेल्या होत्या. तेव्हापासून मी क्रमांकावर भरवसा ठेवत नाही. यादीच्या पहिल्या पानावर त्या भागात कुठल्या गल्ल्या, कुठल्या वस्त्या येतात ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचतो.

नगरपंचायतीचा निकाल या तक्त्याला जोडता येईल का असं तुम्ही विचाराल. सरळ जोडता येत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो, पण ती प्रभागांप्रमाणे फोडतो. प्रभागाची हद्द आणि बूथची हद्द जुळत नाही. एका बूथचे मतदार दोन-तीन प्रभागांत विखुरलेले असतात. वेळ असेल तर नावानिशी जुळवा, नाहीतर नगरपंचायतीचा निकाल वेगळा ठेवा. मी वेगळाच ठेवतो.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्याआधी एकत्र मिसळता यायच्या. मशीन आल्यावर प्रत्येक मशीनचा निकाल वेगळा निघतो, म्हणून तर नमुना २० इतका बारीक मिळतो. आपल्या दृष्टीने तो सोयीचा, पण सहाशे मतांच्या वस्तीच्या दृष्टीने विचार करा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या तालुक्याला माहीत असतं की त्या वस्तीने कुणाला किती दिली. ‘तिकडचा रस्ता आता बघू’ हे वाक्य मी कानांनी ऐकलंय. सगळ्या बूथची मतं एकत्र मोजणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव बरीच वर्षं पडून आहे. आपलं मत असं उघडं पडतं म्हणून लहान बूथवरचे लोक कधीच खरं बोलत नाहीत. तुम्ही वही घेऊन दारात गेलात तर तुमचा चेहरा, आडनाव आणि तुमच्या काकांचा गट बघून उत्तर मिळेल. पोरांनी केलेल्या सर्व्हेवर विसंबू नका. मला त्यातल्या त्यात खरं वाटतं ते लोकांच्या तक्रारींतून कळतं. मत कुणाला देणार हे विचारू नका. मागच्या वर्षभरात कुठल्या कामासाठी कुणाकडे गेला होता आणि ते झालं का, हे विचारा. त्यावर माणूस अर्धा तास बोलतो.

आता तिसरा प्रश्न, टक्का वाढला तर फायदा कुणाचा. पारावर याचं ठरलेलं उत्तर आहे: मतदान वाढलं म्हणजे लोक चिडलेत, सत्ताधारी गेले. २०२४ च्या विधानसभेला राज्यात मतदान २०१९ च्या साधारण ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि सत्तेत असलेलेच पूर्वीपेक्षा मोठ्या ताकदीने आले. त्याच निवडणुकीत कोल्हापुरातल्या करवीरसारख्या मतदारसंघात ८४ टक्क्यांच्या वर मतदान झालं. ते चिडून झालं म्हणावं तर तिथे दोन तुल्यबळ गट वर्षानुवर्षं एकमेकांसमोर उभे आहेत आणि प्रत्येक मताचा पाठपुरावा होतो. टक्का कशाने वाढला ते कळल्याशिवाय तो कुणाला फळेल हे सांगता येत नाही.

ते कळण्याची एक जागा आहे. मतदान केंद्रातून दर दोन तासांनी आकडा कळवावा लागतो, पुरुष किती, बायका किती. मी केंद्राध्यक्ष असताना त्या आकड्यांवरून वस्तीचं मन थोडंफार वाचता यायचं. शेतीच्या गावात सकाळच्या पहिल्या दोन तासांत पुरुष, अकरानंतर बायका, दुपारी उन्हात शुकशुकाट, चारनंतर पुन्हा रांग. हा ठरलेला ताल मोडला तर काहीतरी चाललंय असं समजायचं. २०२४ च्या विधानसभेला राज्यभर बायकांचा टक्का चढून पुरुषांच्या अगदी जवळ आला. दीड हजार रुपयांची लाडकी बहीण योजना जुलैत सुरू झाली होती. एवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण ज्या बायका पूर्वी नवऱ्याबरोबर यायच्या त्या गल्लीतल्या बायकांचा घोळका करून आल्या, हे बरेच जण सांगतात. तुमच्या बूथचा स्त्री-पुरुष आकडा एजंटाकडून मिळवा आणि मागच्या वेळेशी ताडून बघा. संध्याकाळी एजंटांना नमुना १७ क ची प्रत मिळते, त्यात झालेल्या एकूण मतांचा आकडा असतो. ती प्रत जपून ठेवणारे एजंट मला फार थोडे भेटले, बहुतेक जण खिशात कोंबून घरी जातात आणि शर्टाबरोबर धुतात.

पाकिटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. माझं मत असं की पाकिटाने कल फारसा बदलत नाही, कारण लोक दोन्हीकडचं घेतात. त्याने बदलतं ते कोण घराबाहेर पडतं ते, आणि तेही लहान निवडणुकीत. यावर जास्त लिहीत नाही.

तुम्हा पोरांना खरंच टक्का वाढवायचा असेल तर मतदानाच्या दिवशी पळापळ करण्यात अर्थ नाही. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. एक रविवार काढा, एका यादी भागाच्या चार प्रती छापून घ्या आणि गल्लीतल्या एखाद्या जाणत्या बाईला घेऊन बसा. पुरुष नको, त्याला फक्त आपल्या भावकीची नावं माहीत असतात. बाईला कोण कुठल्या घरात दिलं, कोण कधी गेलं, कुठल्या खोलीत भाडेकरू कोण, सगळं पाठ असतं. प्रत्येक नावापुढे खूण करा: इथे आहे, बाहेर आहे, वारले, माहीत नाही. दोन तासांत तुमचा खालचा आकडा खरा होईल. मग अठरा पूर्ण झालेल्या आणि यादीत नसलेल्या पोरापोरींचे सहा नंबरचे फॉर्म आणि सुना म्हणून आलेल्या मुलींचे आठ नंबरचे. सुनांचं काम सगळ्यात मागे पडतं. माहेरी यादीत नाव, सासरी नाही, आणि पाच-सहा वर्षं ती कुठेच मत देत नाही. माझ्या बीएलओच्या दिवसांत एका वर्षी मी फक्त सुनांच्या मागे लागलो होतो, त्या वर्षी माझी वही सगळ्यात जाड झाली होती.

मतदानाच्या दिवसासाठी दोनच गोष्टी. म्हाताऱ्यांना गाडीत घालून आणण्याचा मोह होईल. तुम्ही कुणा उमेदवाराचं काम करत असाल तर तो टाळा. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी भाड्याच्या किंवा मागवलेल्या गाडीतून मतदार ने-आण करणं कायद्याने भ्रष्ट आचरणात मोडतं आणि त्यावरून निवडून आलेला माणूस अडचणीत येऊ शकतो. घरच्यांनी घरच्या गाडीने आणावं. दुसरी गोष्ट, मतदान संपायची वेळ झाली म्हणून रांगेतून कुणी परत फिरू नये. वेळ संपताना जो रांगेत आहे त्याला चिठ्ठी मिळते आणि त्याचं मत होतंच, कितीही वाजले तरी. आम्ही चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे यायचो, म्हणजे मागून नवा कुणी घुसू नये. रांगेतल्या शेवटच्या माणसाची चिठ्ठी, म्हणजे एक नंबरची, एकदा माझ्याकडून एका शेतमजूर बाईला गेली होती. डोक्यावर वैरणीचा भारा तसाच, तो शाळेच्या कठड्याला टेकवून ती तासभर उभी राहिली. आत आल्यावर तिने विचारलं, ‘मास्तर, मशीन कुठलं?’

तुमच्या गावाचे चार तक्ते आणि एका यादी भागाच्या खुणा करून झाल्या की कागद घेऊन मला कळवा. यादी भाग निवडताना वेशीबाहेरचा निवडा, मोंढ्याचा नको. मोंढ्यातल्या लोकांचं सगळ्यांना माहीत असतं.